वाचनालयाचं डोमेन नानांच्या नावावर होतं

१३ जुलै २०२४. शनिवार, सकाळची शाळा आटोपून घरी आले, छत्री वाळत टाकतेय तोवर ग्रंथपाल काकूंचा फोन. "अगं आपली वेबसाइट उघडून बघ बरं, भलतंच काहीतरी येतंय." बघितलं तर आमच्या वाचनालयाच्या पानाच्या जागी कर्जाच्या आणि विमान तिकिटांच्या जाहिराती, आणि सगळ्यात वर बारीक अक्षरात एक ओळ, की या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपली आहे. मला आधी वाटलं कोणीतरी हॅक केलं. तसं काही नव्हतं. जे झालं होतं ते साधं होतं पण निस्तरायला तीन महिने लागले, आणि ते सगळं मी इथे लिहून ठेवतेय कारण आमच्यासारख्या कितीतरी संस्था असतील, शाळा, भजनी मंडळं, पतसंस्था, ज्यांनी आपलं डोमेन नेमकं कोणाच्या नावावर आहे हे कधी बघितलेलंच नाही.

तर आम्ही म्हणजे तालुक्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय, ब वर्ग, शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालणारं. मी शाळेत शिकवते आणि तिथे सहकार्यवाह आहे. वेबसाइट दिसायला साधीच आहे, पण तिच्यावर आमच्या दुर्मिळ पुस्तकांची सूची आहे, अकराशेच्या वर नोंदी, आणि ती सूची बघून पुण्या-मुंबईचे पीएचडी करणारे विद्यार्थी आम्हाला मेल करतात, अमुक पुस्तकाची अमुक आवृत्ती आहे का, पानांचे फोटो मिळतील का. ही सूची नानांनी एकट्याने केली. नाना आमचे जुने कार्यवाह, पोस्टातून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी पाच ते आठ वाचनालयात एक एक पुस्तक पुसून त्याची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायचे. २०११ साली वेबसाइट काढायची टूम त्यांचीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाना गेले.

मी खजिनदार भाऊंना फोन केला तर ते म्हणाले, "वेबसाइटचे पैसे मार्चमध्येच दिलेत, चेकने, पावती फाइलला आहे." पावती खरंच होती. मग पुण्याला भाच्याला फोन लावला, तो कॉम्प्युटरमधला, आणि त्याने पावतीचा फोटो बघून पहिल्या मिनिटात सांगितलं, "मावशी हे होस्टिंगचे पैसे आहेत. डोमेनचे वेगळे असतात. ते कोण भरतं?"

कोण भरतं म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तेरा वर्षं कोणीतरी भरत होतं हे नक्की.

भाच्याने मला त्या दिवशी जे समजावलं ते मी आमच्या कमिटीला पुढे नानांच्या पोस्टाच्या भाषेत सांगितलं, तेच इथे सांगते. वेबसाइटच्या फाइली कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या असतात, ते होस्टिंग. त्या कॉम्प्युटरला एक नंबर असतो, पण नंबर कोण लक्षात ठेवणार, म्हणून नाव, तेच डोमेन. आता नावावरून नंबर शोधायचा कसा, तर पिनकोडसारखा टप्प्याटप्प्याने. आपला पिनकोड ४ ने सुरू झाला की पत्र महाराष्ट्र, गोवा या बाजूला वळवायचं एवढंच आधी कळतं, मग पुढच्या आकड्यांवरून विभाग, जिल्हा आणि शेवटच्या तीन आकड्यांनी नेमकं पोस्ट. फरक एवढाच की पिनकोड पुढून वाचतात आणि डोमेन शेवटाकडून. आमचं डोमेन डॉट ऑर्गमधलं. म्हणजे आधी जगातल्या रूट सर्व्हरला विचारायचं की डॉट ऑर्गचा हिशोब कोणाकडे, रूट सर्व्हरची नावं एकूण तेरा, ए पासून एम पर्यंत, प्रत्यक्ष मशीन मात्र जगभर कितीतरी जास्त. रूट सांगणार डॉट ऑर्गवाल्यांना विचारा, डॉट ऑर्गवाले सांगणार की या नावाचा नेमसर्व्हर अमुक, आणि तो नेमसर्व्हर शेवटी नंबर देणार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. ही पद्धत १९८३ पासूनची आहे, पॉल मॉकापेट्रिस नावाच्या माणसाने बसवलेली. त्याच्या आधी त्या वेळच्या नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची, ती कॅलिफोर्नियात ठेवलेली असायची आणि सगळ्यांनी तिची नक्कल उतरवून घ्यायची.

आमच्या बाबतीत झालं होतं असं की फाइली जागच्या जागी सुखरूप होत्या, पुस्तकांची सूची, अहवाल, फोटो, सगळं. पण मुदत संपल्यावर डोमेनवाल्या कंपनीने नेमसर्व्हर बदलून स्वतःचा लावला, म्हणजे पत्र आमच्या गावाकडे येण्याऐवजी त्यांच्या दारात पडायला लागलं. आणि त्यासोबत मेलही. आमचा जो मेल पत्ता पावत्यांवर, बुकमार्कवर, दारावरच्या बोर्डावर छापलाय तो याच नावावर चालतो. साइट बंद होती त्या दिवसांत कोणी कोणी मेल केले असतील ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे नाव कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. आयकॅन म्हणून संस्था आहे, १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली, नफ्यासाठी न चालणारी, जगातल्या डोमेनच्या व्यवस्थेवर तिची देखरेख असते. तिच्या साइटवर लुकअपचं पान आहे, तिथे कोणतंही डोमेन टाकलं की नोंद दिसते. मला वाटलं सातबारा उघडेल आणि कब्जेदाराच्या रकान्यात नाव दिसेल. पूर्वी तसंच दिसायचं म्हणे, नाव, पत्ता, फोन नंबर सगळं उघडं. पण २०१८ साली युरोपात तो खासगी माहितीचा कायदा लागू झाला, जीडीपीआर, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी नावाच्या जागी फक्त "गोपनीयतेसाठी झाकलं आहे" अशा अर्थाची ओळ येते. आमच्याही नोंदीत तेच. दिसलं एवढंच की डोमेन कुठल्या कंपनीमार्फत घेतलंय, कधी घेतलंय, ४ जुलै २०११, आणि मुदत कधी संपतेय. आणि तिथे होतं ४ जुलै २०२५!

मी भाच्याला आनंदाने सांगितलं की अरे अजून वर्ष आहे, काहीतरी चूक झालीये त्यांची. तो म्हणाला चूक नाही, खाली स्टेटस वाच. स्टेटसमध्ये होतं ऑटो रिन्यू पिरियड. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे माणूस निर्धास्त होऊन बसतो आणि फसतो. मुदत संपली की वरच्या पातळीवर नोंद आपोआप एक वर्षाने पुढे सरकते, पण ती तात्पुरती. ज्या कंपनीमार्फत घेतलंय तिला ४५ दिवसांपर्यंत ते नाव परत करून स्वतःचे पैसे सोडवून घेता येतात. म्हणजे तारीख २०२५ ची दिसत असली तरी आपण पैसे भरले नाहीत तर पुढच्या महिन्यात नाव जाऊ शकतं. एकदा का काढून टाकलं की मग ३० दिवसांचा रिडेम्पशनचा काळ, त्यात सोडवून घेता येतं पण दंड जबर असतो, मग ५ दिवस असे की कोणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते बाजारात, जो आधी मागेल त्याचं. तेरा वर्षं जुनं, ठिकठिकाणच्या पानांवरून दुवे दिलेलं नाव असेल तर ते उचलायला लोक टपूनच बसलेले असतात, आणि बऱ्याच कंपन्या तर बाजारात जायच्या आधीच लिलाव लावतात. आमच्या ग्रंथसूचीच्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसली असती.

मला धीर द्यायला भाच्याने सांगितलं की मायक्रोसॉफ्टसुद्धा विसरली होती. डिसेंबर १९९९ मध्ये त्यांचं पासपोर्ट डॉट कॉम भरायचं राहिलं आणि हॉटमेलमध्ये लोकांना जाता येईना, शेवटी एका प्रोग्रामरने ऐन नाताळात स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा सुरू झालं. म्हटलं तिथे कोणीतरी होतं भरायला. आमचा भरणारा माणूस गेलाय.

सोमवारी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. कंपनीचं नाव देत नाही, त्यांच्या जागी दुसरी कुठली असती तरी साधारण हेच झालं असतं असं मला आता वाटतं. पहिला मुलगा म्हणाला अकाउंट होल्डरशी बोलायचंय, म्हटलं ते वारले, तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅम, मग त्यांचा सपोर्ट पिन सांगा." दोनदा फोन कट झाला. तिसऱ्यांदा एक बाई मिळाल्या, मराठी नव्हत्या पण फार समजूतदार, त्यांनी सांगितलं की रिन्यूअलचे पैसे कोणीही भरू शकतं, लिंक पाठवते, मात्र पैसे भरले म्हणून डोमेन तुमच्या नावावर होणार नाही. मी म्हटलं कळलं, भाडेकरूने घरपट्टी भरली म्हणून घर त्याचं होत नाही. खजिनदार भाऊंच्या कार्डावरून सतराशेच्या आसपास रुपये गेले, त्यात १८ टक्के जीएसटी. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर साइट उघडली, काकूंच्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण जुना पत्ता प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ साठवलेला असतो आणि तो जुना होऊन जाईपर्यंत वाट बघायची.

इथे सगळे म्हणाले झालं की, सुरू झालं ना, मग आता कशाला खणत बसायचं. मला ते पटेना. नाव कोणाच्या तरी अकाउंटमध्ये आहे, तो माणूस हयात नाही, अकाउंटची किल्ली आपल्याकडे नाही, म्हणजे पुढच्या जुलैला पुन्हा हेच, आणि मधल्या काळात नेमसर्व्हर बदलायचा झाला, होस्टिंग दुसरीकडे न्यायचं झालं तर हात बांधलेले. म्हणून मी नाशिकला नानांच्या मुलीला फोन केला. ताई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "बाबांचा फोन माझ्या कपाटात आहे गं, मी अजून उघडलेला नाही." मी म्हटलं ताई घाई नाही. पण घाई होती आणि त्यांना ते कळलं.

दोन दिवसांनी त्यांनी फोन चार्ज करून वायफायला लावला. सिम बंद पडलेलं, पण मेल उघडा होता. त्यात कंपनीचे तीन मेल पडलेले, एक मुदतीच्या महिनाभर आधीचा, एक आठवडाभर आधीचा, एक मुदत संपल्यानंतरचा. हे मेल पाठवणं कंपनीला आयकॅनच्या नियमाने बंधनकारकच असतं, आधी दोन आणि नंतर एक, त्यामुळे त्यांनी कळवलं नाही असं आपण म्हणू शकत नाही. त्यांनी कळवलं होतं. वाचणारं कोणी नव्हतं.

त्या मेलच्या खाली खाली जात ताईंना बाकीच्या पावत्या सापडल्या. दर वर्षी जुलैत एक, सगळ्या नानांच्या कार्डावरून, ऑटो रिन्यू लावून ठेवलेलं, सुरुवातीला पाचेकशे रुपये मग वाढत वाढत दीड हजारापर्यंत. वाचनालयाच्या खर्चात त्यांनी यातलं एकदाही काही लावलं नाही. नाना गेल्यावर बँकेने कार्ड बंद केलं आणि पैसे कापले गेले नाहीत, एवढीच सगळ्याची सुरुवात. मी हे कमिटीत वाचून दाखवलं तेव्हा खजिनदार भाऊ, जे चहाच्या बिलावरून नानांशी भांडायचे, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मेल उघडा आहे म्हटल्यावर आम्हाला वाटलं पासवर्ड बदलून आत जाता येईल. पासवर्ड बदललाही, पण लॉगिनला ओटीपी मागितला आणि तो बंद सिमवर. मग राहिला कागदपत्रांचा रस्ता, आणि एका अर्थी बरंच झालं, कारण मेलेल्या माणसाच्या नावाने आत शिरण्यापेक्षा नाव रीतसर बदलून घेणंच योग्य होतं.

आता खरा मुद्दा. २०११ च्या पावतीवर रजिस्ट्रंट, म्हणजे ज्याच्या नावे नोंद ते नाव, तिथे नानांचं स्वतःचं नाव. पण त्याच्या खाली ऑर्गनायझेशन म्हणून एक रकाना असतो, त्यात नानांनी वाचनालयाचं नाव टाकलेलं होतं. या एका रकान्याने आम्हाला वाचवलं. कंपनीचं म्हणणं, संस्थेचं नाव भरलेलं असेल तर धारक संस्था आणि वरचं नाव तिच्या वतीने काम करणाऱ्या माणसाचं. तो रकाना रिकामा असता तर हे डोमेन नानांचं वैयक्तिक ठरलं असतं आणि मग वारस, वारस दाखला, सगळं आलं. ताई आमच्याच आहेत म्हणून ठीक, पण प्रत्येक संस्थेत असं नसतं, काही ठिकाणी वेबसाइट करून देणाऱ्या पोराने स्वतःच्याच नावावर डोमेन घेतलेलं असतं आणि तो पुढे दुबईला जातो. तुमच्या पावतीवर हा रकाना आधी बघा.

कंपनीने मागितलं ते असं, मृत्यूचा दाखला, संस्थेच्या नोंदणीचा पुरावा, कमिटीचा ठराव लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी, आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र. आम्ही धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा उतारा, ठराव, ताईंचं ना हरकत पत्र असं सगळं स्कॅन करून पाठवलं. ७२ तासांत उत्तर येईल म्हणाले. सहाव्या दिवशी आलं, नामंजूर, कागद इंग्रजीत नाहीत. तालुका कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडून भाषांतर प्रमाणित करून घेतलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा नामंजूर. कारण काय तर नोंदीत वाचनालयाचं स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होतं आणि भाषांतरात व्हीने. नानांनी तेरा वर्षांपूर्वी वाचनालय डब्ल्यूने लिहिलं, नोटरीने व्हीने लिहिलं, मराठीत एकच शब्द आणि त्यांच्या लेखी दोन वेगळ्या संस्था. मी चिडून उपयोग नव्हता, समोर टिकिट बंद करणारा माणूस कुठल्या देशात बसलाय तेही माहीत नाही, त्याला वाचनालय म्हणजे काय हे कळायचं कारण नाही. मग एक प्रतिज्ञापत्र केलं की ही दोन्ही स्पेलिंगं एकाच संस्थेची, सोबत जुन्या लेटरहेडची आणि पॅन कार्डाची प्रत, पॅनवर नशिबाने डब्ल्यूच होता. तिसऱ्या खेपेला मंजूर. या सगळ्याला ऑगस्ट गेला.

मंजूर झाल्यावर नवीन मेल पत्ता विचारला तेव्हा मी पटकन वाचनालयाचाच दिला, जो याच डोमेनवर चालतो. भाच्याने थांबवलं. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, आणि डोमेन बंद पडतंय ही सूचना त्याच मेलवर येणार, म्हणजे किल्ली घरात ठेवून बाहेरून कडी लावल्यासारखं. मग वेगळा जीमेल काढला, त्याचा पासवर्ड तिघांकडे, आणि मोबाइल नंबर वाचनालयाच्या ऑफिसचा. नवीन पत्त्यावर एक खात्री करायचा मेल येतो, त्यातली लिंक १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन थांबवतात, तो आला तेव्हा स्पॅममध्ये पडला होता. आणि नाव बदललं म्हणून ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही असं कुलूप लागलं. ते चांगल्यासाठीच असतं, कोणी खोटे कागद दाखवून नाव बळकावलं तर लगेच पळवून नेऊ नये म्हणून. खोट्या कागदाची गोष्ट घडलेली आहे, १९९५ साली अमेरिकेत गॅरी क्रेमेन नावाच्या माणसाचं डोमेन एका भामट्याने एका बनावट पत्रावर स्वतःच्या नावे करून घेतलं आणि ते परत मिळवायला त्याला कितीतरी वर्षं कोर्टात जावं लागलं. हे वाचल्यावर त्या डब्ल्यू-व्हीच्या घोळाबद्दलचा माझा राग बराच कमी झाला. कोणाच्याही पत्रावर विश्वास ठेवून नाव बदलून देणारी कंपनी मला नको आहे.

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की आता डोमेन संस्थेच्या नावावर आहे. तेव्हा आमचे खजिनदार भाऊ म्हणाले, "मग आता एकदाच काय ते जास्तीचे पैसे भरून कायमचं घेऊन टाकू." मी म्हटलं तसं मिळत नाही. जास्तीत जास्त १० वर्षं. पुढे पुन्हा भरायचं. "९९ वर्षांचा भाडेपट्टासुद्धा नाही?" नाही. "मग मालक कोण? ती कंपनी?"

हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याच्या मागे मी बरीच वाचत गेले होते. कंपनी मालक नाही. ती रजिस्ट्रार, आपल्याकडे दुय्यम निबंधकाला रजिस्ट्रार म्हणतात पण तसा सरकारी अधिकार तिला नाही, ती आपल्या वतीने नोंद करून देणारी, एजंटच म्हणा. आणि एजंट बदलतो, गुगलनेसुद्धा २०२३ साली आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेस नावाच्या कंपनीला विकला आणि गिऱ्हाइकं तिकडे गेली. मूळ वही असते रजिस्ट्रीकडे. डॉट कॉमची वही व्हेरीसाइन ठेवते, आपल्या डॉट इनची निक्सी, आणि डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री म्हणून अमेरिकेतली ना-नफा संस्था, २००३ पासून. तीही मालक नाही, आयकॅनशी तिचा करार असतो. आणि आयकॅन म्हणते आम्ही फक्त व्यवस्था बघतो.

पण मालक कोणी नाही म्हणजे विकता येत नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं की डॉट ऑर्गची वही सांभाळणारी ही पूर्ण रजिस्ट्रीच इथॉस कॅपिटल नावाच्या खासगी गुंतवणूक कंपनीला विकायची, ११३ कोटी ५० लाख डॉलरला. त्याच वर्षी डॉट ऑर्गच्या दरावरची मर्यादाही काढून टाकलेली होती. जगात डॉट ऑर्गची एक कोटीच्या वर नावं, त्यात केवढ्या सेवाभावी संस्था, त्यांनी जोरात विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने आयकॅनला पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. तेव्हा इथे लॉकडाऊन होतं आणि आम्ही सभासदांना घरपोच पुस्तकं कशी द्यायची या विवंचनेत होतो. आमच्या पाटीची किंमत कोणीतरी परस्पर ठरवणार होतं आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती. मला हे फार लागलं. नानांना माहीत असेल का, हे मात्र आता विचारता येत नाही.

आमच्या कमिटीतले वकील काका म्हणाले कोर्ट आहे की. त्यांचं बरोबर आहे, १९९९ साली मुंबई हायकोर्टाने रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' घेणाऱ्यांना मनाई केली, आणि २००४ साली सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सांगितलं की डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. पण ते कोणी आपल्या नावाशी मिळतंजुळतं घेऊन लोकांना फसवलं तर. आपणच पैसे भरले नाहीत आणि नाव गेलं, तर कोर्टात काय सांगणार?

अध्यक्षांनी विचारलं की मराठीत नाव घेता येतं म्हणे, डॉट भारत, देवनागरीत, तेच घेऊ. येतं, २०१४ पासून. आतून ते इंग्रजी अक्षरांच्या एका लांब कोडमध्ये बदलून साठवलं जातं, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या. मला मनापासून आवडेल, डब्ल्यू की व्ही हा प्रश्नच उरणार नाही. पण बुकमार्कवर, बोर्डावर, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या तळटीपांत जुना पत्ता आहे, तो सोडता येणार नाही, म्हणून आधी जुनं पक्कं करू, नवीन पुढच्या वर्षी, असं ठरलं.

जुनं पक्कं करायला चार वर्षांचे पैसे एकदम भरले, म्हणजे मुदत ४ जुलै २०२९ पर्यंत गेली. दहा वर्षांचे भरावेत असं मला वाटत होतं, पण भाऊ म्हणाले दहा वर्षांनी आपल्यापैकी कोणी असेल नसेल, चार वर्षांनी निदान कोणाला तरी आठवेल. पटलं.

मग हिशोबनिसांनी विचारलं की याची नोंद कुठे करायची, डेडस्टॉक रजिस्टरला घ्यायचं का, कपाटं, खुर्च्या, पंख्यांसोबत? ऑडिटरला फोन केला, तो म्हणाला विकत घेतलेली वस्तू नाही ही, वर्गणी आहे, खर्चात टाका. खर्चात टाकलं. तरीपण ग्रंथपाल काकूंनी डेडस्टॉकच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने डोमेनचं नाव, कंपनीचं नाव, जीमेलचा पत्ता आणि २०२९ ची तारीख लिहून ठेवली, आणि शेरा या रकान्यात लिहिलं, २०११ ते २०२३ रक्कम नानांनी भरली.

६० दिवसांचं कुलूप ऑक्टोबरच्या अखेरीला निघालं. ताईंनी नानांच्या मेलमधल्या तेरा पावत्या आम्हाला पाठवून दिल्या आणि मगच तो फोन बंद केला.